चौदा मॅगझिनांची ठेव

६ फेब्रुवारी, ज्युनिपर गॅप

हॉलिस,

पत्ता तुझ्या बहिणीने दिला. देताना जून म्हणाली, "लिही हवं तर. तो वाचेल असं मी सांगत नाही." तेव्हा तू हे वाचत नाहीयेस असं धरूनच लिहितो. त्याने मलाही जरा मोकळं वाटतं.

कुशल विचारायची रीत आहे. पण पंधरा महिने न विचारलेलं कुशल एका ओळीत उरकणं बरं दिसत नाही, म्हणून सरळ कामाचं लिहितो.

तुझी हिरवी पत्र्याची पेटी अजून माझ्या शेडमध्ये आहे. आत चौदा मॅगझिनं. नऊ रायफलीची, तीस-तीस गोळ्यांची. पाच पिस्तुलाची, सतरा-सतरांची. गोळी एकही नाही. गोळ्या भरायचा रिकामा पत्रा आणि स्प्रिंग, दुसरं काही नाही. त्यांच्याहून माझी विळी जास्त धोक्याची आहे, असं नोरीन म्हणते. बायकोच्या मताला कोर्टात किंमत नाही, एवढंच.

तू गेलास तेव्हा कायदा कुठवर आला होता ते तुला ठाऊक आहे. दहापेक्षा जास्त गोळ्या मावतील असं मॅगझिन बाळगायचं नाही. ज्याच्या मालकीचं आधीपासून आहे त्याने ते आपल्याच जागेत ठेवावं, दुसऱ्याच्या हाती देऊ नये. लोकांनी मतं देऊन तो आणला, आणि सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आपल्या काउंटीच्या न्यायाधीशांनी तो थांबवला. तेव्हापासून तो झोपलेला आहे. त्याला उठवावं की कायमचं निजवावं, यावर वरच्या कोर्टात अजून खल चालू आहे.

मला त्याचं काय, असं तू म्हणशील. तूच म्हणाला होतास. पशुखाद्याच्या दुकानात चारचौघांत म्हणालास, "प्रोफेसर, तू पाणी वाट, मत नको वाटू. तुला मत कुठे आहे?" सगळे हसले, मीही हसलो. चोवीस वर्षं तुमच्या पाटाच्या पाणीपाळीच्या याद्या मी लिहितो, कुणाच्या शेतात किती वाजता दार उघडायचं ते मी ठरवतो, आणि मत नाही हे खरंच होतं. मग गेल्या उन्हाळ्यात नागरिकत्वाचा अर्ज केला. म्हणजे या भानगडीचं मूळ तू आहेस, हे नोंदवून ठेवतो.

एप्रिलमध्ये डोंगरापलीकडे शहरात मुलाखत आहे. तिथे शपथेवर एक प्रश्न विचारतात: तुम्ही कधी असा गुन्हा केला आहे का, ज्यासाठी तुम्हाला अटक झाली नाही? तोवर कायदा उठला असला आणि मी खोटं बोललो, तर उद्या ते उघड होऊन अर्ज गेला. हो म्हणालो, तर तो बंदुकीच्या कायद्याखालचा गुन्हा, आणि तशा गुन्ह्यावर माझ्यासारख्याला देशाबाहेर काढता येतं. जिथून आलो तिथे आता माझी वाट पाहणारं कुणी नाही, आणि नोरीन तिथल्या उन्हात आठवडाभरही टिकायची नाही.

माझ्या वकील ओकाम्पोबाई यांनी तोड काढली आहे. तू एक ओळ लिहून द्यायची: कायदा सुरू होण्यापूर्वी, नोव्हेंबरात, मी ही पेटी वामनला बक्षीस दिली. म्हणजे मी जुना मालक ठरतो आणि प्रश्न मिटतो. एक ओळ आणि सही. बाकी काही लिहायची गरज नाही. मला शिव्या घालायच्या असल्या तर वेगळ्या कागदावर घाल, हा कागद सरकारात जायचा आहे.

आज धुकं आहे. ते चारीवरून उठून तुझ्या लसूणघासाच्या वावरावर पसरलंय आणि त्यात गाई पाय नसल्यासारख्या तरंगताहेत. तुझं वावर खंडाने घेतलेला माणूस चांगला आहे. फक्त पाळीच्या वेळी झोपलेला असतो.

वामन


३ मार्च

हॉलिस,

तुझं उत्तर आलं नाही. पण कायदा उठला.

एकोणीस फेब्रुवारीला वरच्या कोर्टाने स्थगिती उठवली. अठ्ठावीसला त्याच्याही वरच्या कोर्टाने ती पुन्हा लावली, आमचा निकाल लागेपर्यंत असू द्या म्हणून. मधले नऊ दिवस कायदा जागा होता. कुंभकर्णाची गोष्ट मी तुला गवताच्या ट्रकवर बसून सांगितली होती, आठवते? तू म्हणालास, असा गडी मिळाला तर हवाय, सहा महिने जेवण मागणार नाही. तर तो नऊ दिवस डोळे उघडून बसला होता आणि त्याला समोर दिसत होती माझी शेड.

पाठशाळेत आम्हाला शिकवलं होतं की काही गोष्टी 'आहेत' असंही म्हणता येत नाही आणि 'नाहीत' असंही नाही. त्यांना अनिर्वचनीय म्हणतात. गुरुजी उदाहरणं फार लांबची द्यायचे. त्यांना तुझी पेटी दाखवायला हवी होती. शेवटचं कोर्ट कायदा खरा म्हणालं तर ते नऊ दिवस पहिल्यापासून गुन्ह्याचे. खोटा म्हणालं तर ते नऊ दिवस कधी उगवलेच नाहीत. आज मी दोन्ही आहे. नोरीनला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग दोघांपैकी जो मोकळा असेल त्याने कोंबड्यांना दाणे टाकावेत."

नऊपैकी चौथ्या दिवशी मी पेटी घेऊन शेरीफच्या कचेरीत गेलो. तुला न विचारता गेलो, हे आधी कबूल करतो. घाबरलो होतो. तिथे डेप्युटी कॉय एकटाच बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

"कॉय, हे जमा करून घे."

"काय आहे?"

"मॅगझिनं. तीसची आणि सतराची."

"मी काही ऐकलं नाही."

"मग बघ."

"वामन, झाकण लाव." त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली. "शेरीफने भर सभेत सांगितलंय, हा कायदा आम्ही राबवणार नाही. तुझी पेटी घेतली तर पावती फाडावी लागेल. पावतीवर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की राबवला."

"मग मी काय करू?"

"घरी जा. इथे तुला कोण हात लावतंय?"

"इथे नाही. डोंगरापलीकडे एक अधिकारी मला शपथेवर विचारणार आहे."

"त्याला सांगू नकोस."

"शपथेवर?"

"तुम्ही शिकलेले लोक शपथ फार मनाला लावून घेता," असं म्हणून त्याने मला ओंजळभर बिया दिल्या. त्या मात्र जमा करून घ्याव्या लागल्या.

परत येताना पेटी शेजारच्या सीटवर ठेवली. तिचं वजन माणसाएवढं वाटून गाडी पिंपिं करायला लागली. शेवटी तिला पट्टा बांधला. मग आम्ही दोघं गुन्हेगार, किंवा दोघं सज्जन, सेजच्या झुडपांमधून मुकाट्याने घरी आलो.

नोरीनने करवत काढून ठेवली होती. "कापून टाकू," ती म्हणाली. "तो विचारेल तेव्हा नवी घेऊन देऊ."

"नवी मिळत नाहीत. त्याचसाठी तर हे सगळं चाललंय."

"मग म्हणू, हरवली."

मी एक उचललं आणि उलटं केलं. बुडाला आकडा होता, नखपॉलिशचा. तुम्ही सगळे आकडे घालताच, कुठलं मॅगझिन अडकतं ते कळावं म्हणून. पण बाकीच्यांचे पांढऱ्या मार्करने खरडलेले असतात. हे पोवळ्याच्या रंगाचे, सुबक, जणू पुस्तकातले. सातच्या शेजारी बारीक फुली, कारण सात अडकतं. नोरीनने ते माझ्या हातातून घेतलं. तुझ्या आर्डिथच्या नखांवर हाच रंग असायचा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवताना दिसायचा. नोरीनने करवत जागच्या जागी लटकवली आणि बाहेर निघून गेली.

काल दुपारी पाटाच्या कचेरीत खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात मुख्य पाटाचं दार मी उघडलं आणि पाण्याबरोबर ती चौदा मॅगझिनं होड्यांसारखी तरंगत आली. प्रत्येकाचा पोवळ्याचा आकडा दिव्यासारखा लागलेला. ज्याच्या शेतात ज्याची पाळी, त्या चारीत तो आकडा वळत होता. सात तेवढा दारात अडकून राहिला. मी काठी घेऊन त्याला सोडवत होतो, पण पाण्याला अजिबात घाई नव्हती. जागा झालो तेव्हा कागदावर लाळ पडली होती आणि तुझ्या जुन्या वावराची वेळ पुसली गेली होती. ती पुन्हा लिहिली.

मुलाखत सोळा एप्रिलला आहे. ती एक ओळ, हॉलिस.

वामन


२२ मार्च

हॉलिस,

ती ओळ लिहू नकोस. लिहून पाकीट बंद केलं असशील तर फाडून टाक.

गेले पंधरा दिवस मी स्वतःला समजावत होतो की 'बक्षीस' हा नुसता शब्द आहे. पण मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी शब्दांची सवय फार वाईट लावून ठेवली आहे. आमच्या जुन्या धर्मग्रंथांत निक्षेपाचं आख्खं प्रकरण आहे. निक्षेप म्हणजे ठेव, विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. जशी ठेवली तशी परत करायची, ज्याने ठेवली त्यालाच करायची, आणि त्याने मागितल्यावर करायची. पाटाच्या कचेरीत बसून हे पुन्हा आठवायची वेळ येईल, असं वाटलं नव्हतं.

खरं कारण मात्र ग्रंथातलं नाही.

आतापर्यंत दोन्ही पत्रांत मी फक्त पेटीबद्दल लिहिलं. जणू त्या दिवशी तू मला एक पेटीच दिलीस. तीन रायफली आणि पिस्तूल माझ्या कुलपाच्या कपाटात आहेत. त्यांच्याबद्दल कायद्याला काही म्हणायचं नाही. मित्राच्या जिवाची भीती असेल तर त्याच्या बंदुका काही काळ सांभाळायला मुभा आहे. इथे ती पद्धत कायद्याच्याही आधीची आहे, तुझ्या बापाने कुणाकुणाच्या बंदुका सांभाळल्या ते तूच मला सांगितलं होतंस. पेटीचं नाव घालायला तेवढे कायदा लिहिणारे विसरले. म्हणून पेटीबद्दल लिहिणं सोपं होतं.

मी आलो तेव्हा त्या टेबलावर ओळीने मांडलेल्या होत्या. पुसलेल्या, तेल दिलेल्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. एकीवर जूनच्या नवऱ्याचं नाव, एकीवर कॉयचं. तिसरीवर माझं. माझं नाव तू कधी नीट लिहीत नाहीस. त्या दिवशी नीट लिहिलं होतंस.

तू म्हणालास, "जरा आवराआवर करतोय."

मी म्हणालो, "मग मीही हात लावतो. हे सगळं माझ्याकडे ठेवू."

तू मग म्हणालास, "पेटीही घे. ती जड आहे, दोघं धरू." आणि आपण दोघांनी धरली.

माझ्या नावाची चिठ्ठी मी खिशात घातली आणि घरी जाऊन चुलीत टाकली. आता तू लिहून द्यायचं की ते सगळं बक्षीस होतं, म्हणजे ती चिठ्ठी मी राखेतून काढून सरकारला दाखवल्यासारखं. मला ते बक्षीस नको, हॉलिस. तेव्हाही नको होतं.

आणखी एक. चार दिवसांनी जून इडाहोहून गाडी घेऊन आली आणि तुला घेऊन गेली. तेव्हा तू विचारलंस, "हिला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, गावात गोष्टी कळतात. फोन मी केला होता. बंदुका नेल्या त्या दिवशी तू मला माफ केलं असतंस, असं वाटतं. फोनबद्दल नाही. ते तेव्हाच तुला कळलं होतं, मला वाटतं. मीच कबूल करायचा राहिलो होतो.

ओकाम्पोबाई म्हणतात, "तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार गोळा करताय." मी म्हणालो, एवढी वर्षं पाणी वाटतोय, कुणाच्या बाजूने झुकायचं तेच कळत नाही.

वामन


१८ एप्रिल

हॉलिस,

परवा मुलाखत झाली. नोरीन बाहेर गाडीत विणत बसली होती. आतल्या बाई माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान, केस घट्ट बांधलेले, टेबलावर काटेरी निवडुंगाची छोटी कुंडी. इतिहासाचे प्रश्न सोपे होते. मला सगळे येत होते. त्यांना एका उत्तराची तारीख आठवेना, ती मी सांगितली. ते त्यांना फारसं आवडलं नसावं.

मग तो प्रश्न आला.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"हो किंवा नाही."

"बाई, या राज्याची तीन कोर्टं सव्वा वर्ष हेच ठरवताहेत. त्यांचं ठरलं की मी लगेच कळवीन."

त्या हसल्या नाहीत. ओकाम्पोबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्यांनी खूप खर्चाचे सल्ले दिले आहेत, पण इतका स्पष्ट कधी दिला नव्हता.

"काय केलंत ते सांगा," बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. पेटी, आकडे, नऊ दिवस, कॉयकडे नेली तेही. कॉयचं नाव मात्र घेतलं नाही. तुझंही नाही.

"तुमच्या वस्तू नव्हत्या, मग तुमच्याकडे का होत्या?"

"मित्राला बरं नव्हतं."

"आता बरा आहे?"

"तो माझ्या पत्रांना उत्तर देत नाही."

"मी ते विचारलं नाही."

खिडकीबाहेर पाऊस होता, डोंगरापलीकडचा तो बारीक, कधी सुरू झाला ते न कळणारा. तिथली माणसं त्यातून छत्रीशिवाय, झोपेत चालल्यासारखी चालतात. मला क्षणभर वाटलं, मी चोवीस वर्षांपूर्वीच्याच खिडकीत बसलोय आणि अजून काहीच ठरलेलं नाही. मी म्हणालो, "मला माहीत नाही. दुसरं उत्तर असतं तर ते आधी दिलं असतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग एक कागद छापून दिला. तीस दिवसांत मालकाचं प्रतिज्ञापत्र आणा: वस्तू कधी दिल्या, दिल्या की ठेवायला दिल्या, आणि का. ते आलं तर त्या वरिष्ठांपुढे ठेवतील. नाही आलं तर अर्ज नामंजूर, आणि फाइल पुढच्या कचेरीत. पुढची कचेरी कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. ओकाम्पोबाईंनी गाडीपर्यंत चालताना सांगितलं.

'कधी' मला सांगता येतं. 'ठेवायला' हेही सांगता येतं. 'का' तुझं आहे. ते सरकारी फाइलीत एकदा गेलं की तिथून निघत नाही, आणि ते टेबल, त्या चिठ्ठ्या, एखाद्या अनोळखी माणसाने चहा पिताना वाचाव्यात अशी माझी इच्छा नाही. मी ओकाम्पोबाईंना सांगितलं, मालकाचा कागद येणार नाही.

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"नाही."

"मग कसं कळलं?"

म्हणून मी तुला मागत नाहीये. मागत नाहीये असं पत्रातून कळवणं म्हणजे मागणंच, हे नोरीनने मी लिहायला बसण्यापूर्वीच सांगून ठेवलंय. दोन दिवस ती माझ्याशी फक्त कुत्र्यामार्फत बोलते आहे. "सांग त्याला, जेवण झालंय." तेव्हा हे पत्र टपालात टाकायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. बहुधा नाही.

पाटाला पाणी सोडलं. पहिलं पाणी गढूळ, फेसाळ, मागच्या वर्षीची पानं घेऊन येतं. मी काठावरून चालत होतो आणि ते माझ्याच चालीने शेजारून येत होतं, ओळखीच्या माणसासारखं, काही न बोलता. तुझ्या दारापाशी ते वळलं, मी पुढे गेलो.

वामन


११ मे

हॉलिस,

मागचं पत्र मी टाकलं नव्हतं. नोरीनने टाकलं. हे मला आज दुपारी कळलं, तुझं पाकीट आल्यावर. तिने कबूलही केलं नाही, नुसतं म्हणाली, "तिकीट मीच लावलं होतं, मग वाया कशाला घालवू?"

पाकिटात एकच कागद. बँकेतल्या नोटरीबाईचा शिक्का, तुझी सही, तारीख. तू लिहिलंस ते पुन्हा तुलाच लिहून दाखवतो, कारण मी ते इतक्या वेळा वाचलंय की आता माझ्या हाताला ते उतरवल्याशिवाय चैन नाही:

"मी, हॉलिस ब्रँडवोल्ड, शपथेवर सांगतो. तीन रायफली, एक पिस्तूल आणि हिरवी पेटी माझी आहे. ती मी वामनला दिलेली नाही. ठेवायला दिली आहे. २१ नोव्हेंबर, सोमवारी दुपारी. मी ते मंगळवारी करणार होतो. वामनला हे माहीत नव्हतं. तो आला आणि त्याने मागितलं. पेटी मी न्यायला येईन, लवकरच, म्हणजे त्याला त्रास नको. बंदुका मी अजून मागत नाही. मागेपर्यंत त्याने ठेवाव्यात."

नोरीनने ते उभ्यानेच वाचलं, कागद माझ्या हातात दिला आणि मागच्या दाराने वावराकडे निघून गेली. आज आपली पाळी नव्हती. तिला पाणी द्यायचं नव्हतं. मी खिडकीतून पाहत होतो. कॉटनवुडचा कापूस उडायला लागलाय, सगळं अंगण पांढरं धूसर झालंय, आणि त्यात ती नुसती उभी होती.

कागद उद्या सकाळी ओकाम्पोबाईंकडे जाईल. त्याने काय होईल ते मला सांगता येत नाही, शेवटच्या कोर्टाचाही निकाल अजून आलेला नाही. पेटी न्यायला ये. दोघं धरू. बंदुकांचं कुलूप माझ्याकडे आहे आणि मला कसलीही घाई नाही.

पण तू शपथेवर लिहिलंस त्यात एक गोष्ट आहे, ती मला दुरुस्त करायला हवी. सरकारासाठी नव्हे, तुझ्यासाठी. तुझ्या कागदावरून वाटतं की मला काहीतरी जाणवलं म्हणून मी सोमवारी आलो. बाईंनाही तसंच वाटेल. वाटू दे.

मला काही जाणवलं नव्हतं. आर्डिथ वारल्यावर चर्चच्या दारावर ती यादी लावली होती, कुणी कुठल्या दिवशी तुझ्याकडे जेवण न्यायचं ती. मी रविवारी मोठं पातेलंभर मसुरीचं सूप करून ठेवलं होतं. रविवारी बर्फाच्या पावसाने तारा तुटल्या, वीज गेली, फ्रीज बंद पडला. सोमवारी दुपारी झाकण उघडून पाहिलं, अजून बरं होतं, पण टिकलं नसतं. फेकायचं जिवावर आलं. म्हणून पातेलं उचललं आणि आलो. टेबल पाहिलं ते त्यानंतर.

यादीत माझं नाव बुधवारी होतं.

वामन